अक्काबाईला गोड लागलेली पुडी

अक्काबाई माझी धाकटी जाऊ. शेळगावात आमची घरं शेजारीशेजारी. कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव. म्हशीची पेंडसुद्धा आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघणार, मग घमेल्यात ओतणार. त्यामुळं म्हशी सुखी आणि माणसं बेजार.

तिची सून अंजली दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. अंजलीच्या रक्तात साखर वाढलीय, हे तेव्हा फार उशिरा कळलं. या खेपेला साखर सुरुवातीलाच सापडली आणि अक्काबाईनं घरातली साखर, गूळ, सगळं माझ्याकडं आणून टाकलं. जपायचं म्हणून अंजलीला उन्हात पाऊल टाकू देईना. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व फारच कमी. बाळाच्या हाडांसाठी ते हवंच, म्हणून त्यांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली.

दर रविवारी अक्काबाई स्वतः दूध द्यायची आणि अंजली मुकाट प्यायची.

दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मीही सोबत होते. साखर आटोक्यात होती, पण ड जीवनसत्त्व होतं तिथंच.

"पुड्या घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकबी रविवार चुकवला न्हाय," अंजली म्हणाली.

अक्काबाई पदराला पीळ घालत बसली होती. "तिची चूक न्हाय," ती म्हणाली. "म्या नुसतंच दूध दिलं. पुडी चाखली तर गोड लागली. म्हनलं, साखर झालेल्या पोरीला साखरच चारत्यात, ह्यो कसला इलाज? दिल्या उकिरड्यात टाकून."

मला असा संताप आला म्हणता! एरवी गावभर चालणारी जीभ विचारायच्या वेळी कुठं गेली होती?

डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. "आजी, त्यात चिमूटभर गोडी असते. तेवढ्यानं यांचं काही बिघडणार नाही. शंका आली तर मला विचारायचं."

"मग आता दोन-दोन देऊ?"

"अजिबात नको. जास्त झालं तर तेही वाईट. सांगितलीय तेवढीच."

बाहेर बाकावर बसल्यावर अंजली म्हणाली, "आत्या, मला तरी सांगायचं."

"कुठल्या तोंडानं सांगू?" अक्काबाई म्हणाली. "मागच्या खेपंला रव्याचं लाडू म्याच करून चारलं तुला. माज्याच हातानं गेलं ते लेकरू."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

अंजलीनं सासूचा हात धरला. "तुमी एकच देत हुता, आत्या. तुमी रानात गेल्यावर लाडवाचा डबा मीच उघडत हुते. मला वाटायचं, माज्यामुळंच गेलं."

दोघींना तसंच बसू देऊन, डोळे पुसत मी मेडिकलमधून नव्या पुड्या आणायला गेले.