दहाव्याला दिलेला शब्द

सरांच्या दहाव्याला बोलायला उठलेल्या प्रत्येक पुढाऱ्यानं त्यांना कबड्डीचे सर करून टाकलं. “कबड्डीचा आधारवड हरपला,” असं एकानं माइकवर सांगितलं आणि नंतरच्यानं तेच उचललं. कुकडीच्या घाटावर बायकांच्या घोळक्यात मी दात आवळून उभी होते. सरांनी जन्मात कबड्डी शिकवली नव्हती. ते आम्हाला बास्केटबॉल शिकवायचे. पण आमच्याकडं खेळ म्हटलं की कुस्ती, कबड्डी नाहीतर बैलगाडा. चौथं नाव कुणाच्या तोंडात बसतच नाही.

जुन्नर-आंबेगावातल्या कॉलेजांची एक लीग आहे. दिवाळीनंतर जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव असे सामने फिरतात. त्यात आमचं कॉलेज सगळ्यात लहान. आमच्या कोर्टचे खांब सरांनी वारूळवाडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून करून आणले होते. एक रिंग जरा डावीकडं झुकलेली. पाहुण्या संघाला ते उमगेपर्यंत अर्धा सामना निघून जायचा. सर ते कुणाला सांगायचे नाहीत आणि दुरुस्तही करायचे नाहीत.

मुलींच्या संघात आम्ही जेमतेम पाच जणी होतो. घाटघरकडच्या तिघी, जुन्नरची एक आणि बोरीची मी. नियम असा, की संघ सामन्याला उतरला नाही तर लीगमधून बाद. भातकापणीला घाटघरच्या मुली घरी गेल्या की सर मोटारसायकलवरून वर जायचे, त्यांच्या वडलांबरोबर विळा घेऊन खाचरात उतरायचे आणि दुपारी भाकरी खाताना हळूच म्हणायचे, “आता उद्याच्या दिवस पोरगी द्या, भाऊ.”

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त. मी सरांना पेढा दिला. “छान झालं,” म्हणाले, पेढा खाल्ला आणि कोर्टकडं बघत राहिले. माझ्या जागी खेळायला कुणी नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढं दिवाळी झाल्या झाल्या छातीत कळ येऊन सर गेले.

भाषणं संपली. पिंड ठेवले. कावळे समोरच्या करंजावर बसलेले, पण एकही खाली येईना. सरांचे थोरले भाऊ हात जोडून म्हणाले, “पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नको.” कावळा हलला नाही. “तुझ्या बायकोला अंतर देणार न्हाई.” तरी नाही. मग एका पुढाऱ्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, “सर, कबड्डीचं मैदान बांधू!” तेव्हा माझं डोकं फिरलं. बायकांतून वाट काढत मी पुढं गेले.

“सर, आपला संघ लीगमधून बाद होऊ देणार नाही. मी खेळणार.”

आई मागून पदर सावरत आली आणि माझा दंड धरला. मी झाडाकडं बघत राहिले. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक चपला शोधायला लागले.

परतताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सरांना माझा शब्द पटला नाही, हेच डोक्यात घोळत होतं. आणि का पटावा? महिन्याभरात हळद लागणारी मुलगी कसला शब्द देते? सरांसमोर खोटं कधी चाललं नव्हतं.

घरी पोचल्यावर मी वडलांना म्हटलं, “लग्न लीग झाल्यावर करू.”

“येडी झाली का? पावण्यांना काय सांगू?”

“दहाव्याला शब्द दिलाय.”

“दिला व्हता. पर कावळा शिवला का? न्हाई ना? मंग सुटली तू.”

“म्हणूनच सुटले नाही,” मी म्हटलं.

मग वडलांनी पाहुण्यांना फोन लावला. पाहुणे थांबले नाहीत, त्यांनी दुसरीकडं बघितलं. मुलगा चांगला होता. वाईट वाटलं, अजूनही कधी कधी वाटतं. आईनं तर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. त्या साली आम्ही बहुतेक सामने हरलो, पण प्रत्येक सामन्याला उतरलो. कापणीत वर जाऊन विळा मी धरला. घाटघरचे लोक माझ्या कापणीला हसले आणि मुली दिल्या.

सरांचं वर्षश्राद्ध आलं त्याच दिवशी घोडेगावला आमचा सामना होता. मी काकूंकडं, म्हणजे सरांच्या बायकोकडं, जाऊ शकले नाही. बूट बांधत होते तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

“कुठं हाय गं तू?”

“घोडेगावला, काकू. मॅच आहे. येता आलं नाही, रागावू नका.”

“रागवायला न्हाई केला फोन. पत्र्यावर पान ठिवलं आन् माझा हात मागं यायच्या आत कावळा शिवला.”

सकाळी कावळे भुकेलेले असतात, हे मला कळतं. तरी मी तिथंच कोर्टच्या कडेला बसून ढसाढसा रडले. मग पंचांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही पाच जणी आत गेलो.