भाजलेला डफ

कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जळताना जो कडवट धूर निघतो ना, तो नाकात शिरला की मी आजही दचकतो. आत्ताही शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर कुणीतरी जाळ केलाय, आणि दचकून झाल्यावर मला एकट्यालाच हसू फुटलंय. कारण आज देशोदेशी वाजणाऱ्या एका सॅक्सोफोनचं नशीब मी अशाच जाळावर जवळजवळ भाजून काढलं होतं.

तो सॅक्सोफोन माझ्या तांड्यातल्या दोस्ताचा. दिग्रसच्या एका बँडपार्टीत तो वरातीपुढे वाजवायचा. पुसदच्या एसटीत जॅझ, ब्लूज, आफ्रिकेतली गाणी ऐकता ऐकता इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात खुपसायचा. "ऐक बे! हा आपल्या तांड्यातला ढावलोच होय!" ढावलो म्हणजे आम्हा बंजाऱ्यांत सासरी निघालेल्या नवरीनं गळ्यात पडून गायचं रडगाणं. त्याच्या आईचा ढावलो आणि सातासमुद्रापलीकडचं दुःख एकाच सुरावरून खाली कसे घसरतात, याचं त्याला वेड लागलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी साथीला डफ माझाच. इतका रिकामटेकडा मित्र त्याला दुसरा नव्हता.

अशात मुंबईहून एक बाई तांड्यावर आल्या. परदेश दौऱ्यासाठी वादक निवडत होत्या, तासाभरात त्यांना पुढं निघायचं होतं. डफाचं चामडं सैल पडलेलं. ते मंद निखाऱ्यावर शेकतात, हे सगळ्या जगाला ठाऊक. मी मात्र उत्साहाच्या भरात पऱ्हाट्यांचा अख्खा भारा पेटवला आणि वर बाईंना डफाचं शास्त्र सांगू लागलो. फाट्! शास्त्र तिथंच आटोपलं. हातात नुसतं कडं.

"अबे, तुले शेकाले सांगतलं होतं, भाजाले नाही!" तो ओरडला. बाईंनी घड्याळ पाहिलं. "आता मांडी पीट. पण थांबू नको," सॅक्सोफोन ओठांशी नेत तो म्हणाला.

मी पिटली. भीतीनं हात दर वेळी उशिराच पडे, सुटलेल्या एसटीमागं धावणाऱ्यासारखा. आधी त्यानं डोळे वटारले. मग काय झालं कोण जाणे, तो सूर लांबवून माझी वाट पाहू लागला! ढावलो अडखळला, हुंदका दाबून धरावा तसा, आणि मग असा काही उसळला की हातातलं काम टाकून बायका गोळा झाल्या. टाचा आपटू लागल्या, वाळे वाजू लागले. बाई घड्याळ विसरल्या.

"हा उशिरा पडणारा ठोका कुणी बसवला?" त्यांनी विचारलं. मी छाती काढून पुढं सरसावलो. त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

बाईंनी त्याला दौऱ्यावर नेलं. आता त्याच्या साथीला सेनेगलचा ढोलवादक असतो. "त्याले तुयासारखं उशिरा वाजवाले सहा महिने लागले, लेका," असं तो फोनवर सांगतो, आणि माझी कॉलर आपोआप ताठ होते.

मागच्या खेपेला आला तेव्हा म्हटलं, त्या डफाला नवं चामडं चढवतो. त्यानं माझा हात धरला. "राहू दे." ते रिकामं कडं अजून माझ्या भिंतीवर आहे. त्याचं संगीत मला आजही पुरतं कळत नाही. पण ठोका येणार म्हणून कान टवकारावेत आणि तो क्षणभर येऊच नये, तेवढ्या त्या क्षणात मी तांड्यावर त्याच्यासमोर बसलेला असतो, लाल झालेल्या मांड्यांनिशी. आणि तो माझ्यासाठी थांबलेला असतो.