केशरचं पिवळं दूध

हौसाबाईंशी वाद घालू नये, हे ठाकुर्लीत नव्याने राहायला आलेल्यांना कुणी सांगत नाही. त्यांचं त्यांनाच कळतं.

आमच्या बिल्डिंगमागे हौसाबाईंचा गोठा. गाय एकच, केशर. तिचं दूध पिवळं, तिच्या आईचंही पिवळंच होतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हा रंग रक्तातला आहे. गाय आणि वळू, दोघांकडून आला तरच वासरात उतरतो. म्हणून हौसाबाई केशरला टेम्पोत घालून थेट मुरबाडला, तसल्याच वाणाच्या वळूकडे नेतात. लोक हसतात, म्हणतात गाय माहेरी निघाली.

यंदा तिसऱ्या मजल्यावर क्षिप्रा राहायला आली. दुधाचं पातेलं घेऊन ती गोठ्यात उभी राहिली.

"मावशी, यात चीक मिसळलाय. वासराच्या तोंडचा काढून आम्हाला विकता?"

केशर व्यायल्याला दोन महिने झाले होते, चीक कधीच संपला होता. पण बोभाटा झालाच. एकेका घराने दूध बंद केलं. हौसाबाईंचा मुलगा तानाजी वैतागला. "आई, थोडं म्हशीचं घाल, रंग फिका होईल. नायतर गाय विकून टाकू."

"भेसळ करत नाय हे दाखवायला भेसळ करू?" हौसाबाई म्हणाल्या. "तुझं डोकं ठिकाणावर हाय ना?"

दुसऱ्या दिवशी त्या दूध, गूळ आणि वेलची घेऊन क्षिप्राच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मागोमाग आम्ही सगळ्या.

"चीक हाय ना? मग लाव खरवस."

कुकरची शिट्टी काढून डबा आत ठेवला. मला तर मेलं भलतंच टेन्शन आलेलं. चीक असता तर वडी पडली असती. झाकण काढलं तर डब्यात गोड, पिवळं दूध डुचमळत होतं.

क्षिप्रा ओशाळली. "चुकलंच माझं मावशी. उद्यापासून पाठवा. फक्त जरा पांढरं करून देता आलं तर बघा ना, मुलं नाक मुरडतात."

"पांढरं हवं तर पिशवीचं घे," हौसाबाई म्हणाल्या आणि डबा उचलून चालू लागल्या.

त्याच आठवड्यात केशर माजावर आली. मागची गल्ली मोकळी होती, तरी मुरबाडला निघालेला टेम्पो मुद्दाम आमच्या पुढच्या गेटवरून गेला. केशरच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि हॉर्नवर हात दाबून तानाजी गाडी चालवत होता.