तळघराच्या दारात

माझ्या सासऱ्यांची वायनरी जपानमधल्या सेंदाई शहरापासून गाडीने तासाभरावर, डोंगराच्या उतारावर आहे. वायनरी म्हटल्यावर पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, तसं तिथे काही नाही. द्राक्षांच्या मोजक्या ओळी, एक पत्र्याची शेड आणि एक जुनं दगडी कोठार. कोठाराच्या खाली तळघर. सासरे तरुणपणी फ्रान्समध्ये एका कुटुंबाच्या मळ्यावर दोन वर्षं राबले होते. तिथून त्यांनी पांढऱ्या वाइनची एकच रीत उचलून आणली: मळ्यात रासायनिक औषधं मारायची नाहीत, विकतचं यीस्ट घालायचं नाही, आणि द्राक्ष ज्या दगडावर वाढलं त्याची चव पेल्यात उतरली पाहिजे. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी बांधावरचा एक दगड धुऊन माझ्या हातात दिला. "चाटून बघ," म्हणाले. गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा वास, आणि जिभेवर किंचित खारट. मग त्यांनी वाइन दिली. खरंच, तेच होतं.

आम्ही नवरा-बायको आधी सहा वर्षं तोक्योतल्या निशी-कसाईत राहिलो. मुलगी झाल्यावर नवऱ्याने वडिलांच्या हाताखाली काम करायचं ठरवलं आणि मी माझी सॉफ्टवेअरची नोकरी लॅपटॉपमधून डोंगरावर आणली. आल्या आल्या सासऱ्यांनी मला तळघराच्या दारात उभं केलं.

"रस आंबायला लागला की वायू सुटतो," ते म्हणाले. "हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली साचतो, पण दिसत नाही. मी आत पडलेला दिसलो तर काय करशील?"

"बाहेर ओढेन."

"चूक. पंखा लावायचा, दारं उघडायची, फोन करायचा. आणि दारातच थांबायचं. वाचवायला गेलेलेच जास्त मरतात."

त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. मी हसत हसत म्हटलं.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर संपत आला होता. नवरा बाटल्या घेऊन तोक्योला गेला होता, मुलगी बालवाडीत होती. दोन मीटिंगच्या मधे मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याच्या कोपऱ्यात चार्जरवर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. सासऱ्यांचं वायू ओळखणारं यंत्र. ते पट्ट्याला अडकवल्याशिवाय सासरे कधी तळघरात उतरत नसत.

विसरले असतील, जाऊन देऊ या, एवढंच आधी मनात आलं. मग लक्षात आलं की बाहेर फार शांत आहे. आंबण्याच्या दिवसांत कोठाराचा पंखा दिवसभर घोंघावत असतो, इतका की आपण तो ऐकायचं सोडून देतो. त्या दिवशी तो बंद होता. सकाळी नाश्त्याच्या वेळी सासरे कुरकुरत होते, थंडी अचानक पडली आहे, रस गारठलाय, हा पंखा असेल नसेल ती ऊब ओढून नेतो. घरातल्या सपाता पायात तशाच, मी अंगणातून धावत सुटले.

सासूबाई माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी तळघराचं दार उघडलं होतं आणि त्या आत पाय टाकणार होत्या. त्यांच्या खांद्यावरून मला सासरे दिसले. पाच पायऱ्या खाली, पालथे, डोकं वरच्या बाजूला. काहीतरी बिघडलंय हे कळून वर यायला निघाले असणार, आणि तिथेच कोसळले. एक हात पुढच्या पायरीवर पसरलेला होता. पाचच पायऱ्या. एका दमात उतरून त्यांची कॉलर धरता येईल, असं वाटत होतं. मलाही वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता.

मी सासूबाईंना पाठीमागून मिठी मारली.

"सोड! ते पडलेत, दिसत नाही का तुला?"

"जाऊ नका! आई, जाऊ नका, हात जोडते!" मी ओरडत होते ते मराठीत. त्या घरात कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण मला त्या क्षणी जपानी आठवेना. सासूबाई सत्तरीच्या, माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. त्यांच्या अंगात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी कोपराने माझ्या बरगडीत मारलं, नखांनी हात ओरबाडले. तशाच त्यांना ओढत मी बाहेरच्या भिंतीपाशी गेले आणि पंख्याचं बटण दाबलं. मग लाथेने कोठाराचं मोठं दार सताड उघडलं. एका हाताने त्यांचा दंड धरून दुसऱ्या हाताने एकशे एकोणीसला फोन लावला.

"आग की रुग्णवाहिका?" पलीकडून बाईचा शांत आवाज.

"वायू. वाइनचा वायू. माणूस आत पडलाय."

"आत किती जण आहेत?"

"एक."

"एकच राहू दे. कुणी आत जाऊ नका. पत्ता सांगा."

माझ्या मेंदूत त्या पत्त्याचा एक आकडाही उरला नव्हता. मी रोज तिथे राहत होते, तरी गावाचं नावसुद्धा तोंडातून फुटेना. तेव्हा माझ्या हातात झटापट करणाऱ्या सासूबाई एकदम थांबल्या, फोनकडे वाकल्या आणि गाव, वाडी, घरक्रमांक, कुठल्या देवळापाशी वळायचं, सगळं स्वच्छ आवाजात सांगितलं. सांगून झाल्यावर पुन्हा दाराकडे झेपावल्या.

त्यानंतरच्या मिनिटांचं मला नीट सांगता येत नाही. आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसलो होतो. माझे हात त्यांच्या दंडांवर आवळलेले. त्या हाका मारत होत्या. मी सासऱ्यांच्या बोटांकडे बघत होते, पुढच्या पायरीवरच्या त्या हाताच्या बोटांकडे. हलली असं वाटायचं, मग नाही वाटायचं. पंखा जमिनीलगतची हवा ओढून बाहेर फेकत होता, पण किती गेली, किती उरली, दिसत काहीच नव्हतं. आतलं तळघर रोजच्यासारखं स्वच्छ, उजेडाचं. मला सारखं वाटत होतं, आता जायला काय हरकत आहे? आणि लगेच, मी इथे बसून एका माणसाला मरू देते आहे, आणि त्याच्या बायकोला धरून ठेवते आहे. मुलीला बालवाडीतून कोण आणणार, हाही विचार आला. त्याची मला अजून लाज वाटते.

अग्निशमन दलाची माणसं पाठीवर हवेच्या टाक्या लावून उतरली आणि चटकन त्यांना वर घेऊन आली. ओठ निळसर पडले होते. अंगणात ऑक्सिजन लावल्यावर त्यांना खोकला आला. तो ऐकून मी तिथेच द्राक्षांच्या क्रेटवर बसले.

सेंदाईच्या दवाखान्यात ते चार दिवस होते. डोकं खूप दुखायचं, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, ते वरच्या पायऱ्यांवर पडले म्हणून वाचले. तळाशी पडले असते तर गोष्ट वेगळी होती. मी भेटायला गेले तर त्यांनी आधी आंबणाऱ्या रसाची चौकशी केली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पंखा मीच बंद केला होता. तुला शिकवलं आणि स्वतः विसरलो." त्यांना रडताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

सासूबाई मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलत. आंघोळीच्या वेळी माझ्या मुलीने त्यांच्या दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि जपानीत विचारलं, "आजी, हे काय?" मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. त्या म्हणाल्या, "शेडमधल्या यंत्रावर आपटले."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी वेलींची पानं खुडत होतो. मधे ओळ होती, एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. त्या अचानक म्हणाल्या, "तू सोडलं असतंस तर मी आत गेले असते. आज आम्ही दोघंही नसतो. हे मला कळतं."

मी पान खुडायची थांबले.

"पण तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो जाईल तेव्हा जाईल."

मी "हो" म्हटलं. आम्ही ओळ संपवली, मग पुढची घेतली.