शाळेनं कळवलेला माणूस

मुलगी हायस्कूलला गेली त्या वर्षी, पहिल्या टर्मच्या सुरुवातीला, शाळेनं सगळ्या पालकांना ज्या माणसापासून सावध राहायला सांगितलं तो माणूस आमच्याच घरात राहत होता. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपत होता, पहाटे उठून सगळ्यांचा चहा टाकत होता आणि रोज संध्याकाळी माझ्या हातची भाजी खाऊन मीठ कमी आहे म्हणत होता. ते माझे बाबा. आणि त्यांच्याबद्दलचा इशारा क्वेकर्स हिल या आमच्या उपनगरातल्या आणि आसपासच्या झाडून सगळ्या मराठी आजी-आजोबांना मी माझ्या आवाजात, स्पष्ट उच्चार करून ऐकवला होता. तो माणूस म्हणजे बाबाच हे मला कळेपर्यंत मधे काही दिवस गेले.

प्रायमरी शाळेत बरं होतं. गेटवर बाई भेटायच्या, दोन शब्द बोलायच्या. हायस्कूलमध्ये कोणी भेटत नाही, फक्त कळवलं जातं. हजेरीचं एक अ‍ॅप, पैसे भरायचं दुसरं, सूचनांचं तिसरं. टर्म सुरू झाली की मेसेजची रांग लागते: लॅपटॉप कसला हवा, स्पोर्टचा युनिफॉर्म कुठल्या दिवशी, फोन कुठे ठेवायचा, फार तापलं तर मैदान बंद. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारी मी, पण त्या अ‍ॅपपुढे माझीही मती गुंग व्हायची. मग घरी असलेल्या म्हाताऱ्यांचं काय होत असेल?

आमच्यासारख्या घरांत आई-बाप सहापर्यंत ऑफिसात नाहीतर ट्रेनमध्ये. दुपारी मुलं घरी येतात ती पुण्या-मुंबईहून सहा-सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांकडे. शाळेनं काय कळवलंय असं त्यांनी विचारलं की मुलं म्हणतात, नथिंग, आजी, जस्ट अ नोट. म्हणून मी आजी-आजोबांचा एक ग्रुप काढला आणि शाळेचा प्रत्येक महत्त्वाचा मेसेज मराठीत बोलून तिथे टाकू लागले. बाबाही त्या ग्रुपवर होते. मी खोलीत बसून रेकॉर्ड करायचे आणि मिनिटभरात माझाच आवाज स्वयंपाकघरातून मोठ्यानं ऐकू यायचा. मग ग्रुपवर बाबांचं ठरलेलं उत्तर पडायचं: ‘समजले.’

बाबा पुण्यात एका हायस्कूलमध्ये पीटीचे सर होते. शाळा सुटली की शेवटचं पोर जाईपर्यंत गेटवर उभं राहायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांच्या काळी पालकांना कळवायचं म्हणजे सायकल काढून त्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि मुलाच्या देखत सगळं सांगायचं. आई गेल्यावर मी त्यांना आग्रह करकरून इकडे आणलं. दुपारभर त्यांना घर खायला उठायचं. मग आलं किसून ते आलेपाकाच्या वड्या करत, बटर पेपरच्या तुकड्यांत गुंडाळून खिशात भरत, आणि शाळा सुटायच्या वेळेला काळी छत्री उघडून फिरायला निघत. इथे फेब्रुवारीत ऐन उन्हाळा, ऊन चामडी सोलतं, पण उन्हात छत्री घेऊन कोणी चालत नाही. मुलगी त्यांना म्हणायचीही, ‘‘आजोबा, इट्स नॉट रेनिंग.’’ ते हसायचे. शाळा सुटल्याचा गलका कानावर पडला की त्यांना करमायचं. समोरून येणाऱ्या पोरांना कितवीत आहेस, नाव काय, विचारायचं आणि हातावर वडी ठेवायची, यात वावगं काय असेल ते त्यांच्या मनातही आलं नसणार.

मेसेज आला तेव्हा मी घरूनच काम करत होते. शाळेजवळच्या रिझर्व्हपाशी, म्हणजे ते झाडं आणि बाक असलेलं मोकळं मैदान, तिथे एका माणसानं विद्यार्थ्यांशी ओळख काढायचा प्रयत्न केला होता. खायला काहीतरी देऊ केलं होतं. मुलांनी न घेता शाळेला सांगितलं, हे योग्यच केलं. पोलिसांना कळवलं आहे. मुलांनी एकटं जाऊ नये, पालकांनी घरी याबद्दल बोलावं. बस, इतकंच. माणूस दिसायला कसा, गोरा की सावळा, तरुण की म्हातारा, काही नाही. सभ्यपणा म्हणून वगळलं असेल. पण जे लिहिलेलं नसतं ते आपण भरून घेतो. माझ्या डोळ्यांसमोर चाळिशीचा, दंडावर टॅटू असलेला एक गोरा माणूस उभा राहिला. बाबांच्या खिशातला आलेपाक मला आठवलाच नाही. मुलांना खायला देणारा माणूस आणि माझे बाबा, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींच्या जवळपासही फिरकल्या नाहीत.

मी मेसेज रेकॉर्ड केला. स्वयंपाकघरातून तो मला परत ऐकू आला. ‘समजले’ आलं, आणि पाठोपाठ बाबा दारात आले.

‘‘दिसायला कसा आहे?’’

‘‘लिहिलेलं नाही, बाबा.’’

‘‘मग ओळखायचा कसा त्याला?’’ परत जायला वळता वळता ते म्हणाले, ‘‘बरं, असू दे. मी आहे.’’

मला चक्क बरं वाटलं. आपली पोरगी त्या रस्त्यानं येते आणि तिथे बाबा आहेत, म्हणजे काळजी नाही, असं मी नवऱ्यालाही सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवसापासून लवकर निघू लागले. रिझर्व्हच्या कोपऱ्यावर छत्री घेऊन उभे राहायचे. एखादी मुलगी एकटीच निघालेली दिसली की थोडं अंतर ठेवून तिच्या मागोमाग जायचे, ती तिच्या घराच्या फाटकात शिरेपर्यंत, आणि मग परत कोपऱ्यावर. रात्री जेवताना मला अहवाल द्यायचे. संशय घ्यावा असं कोणी दिसलं नाही, फक्त एक पांढरी यूट, मागे उघडा हौदा असलेली, तेवढी सारखी फिरते. आत बसलेल्या माणसाची नजर बरी नाही. काल तो गाडी थांबवून त्यांच्याकडे बघत होता.

‘‘तुम्ही त्याच्या नादी लागू नका,’’ मी म्हटलं.

‘‘लागतोय कशाला. पण लक्ष आहे माझं.’’

हे चाललेलं असताना मुलगी खाली मान घालून जेवायची. मग ताट घेऊन खोलीत जाऊ लागली. मला गाडीनं न्यायला ये, म्हणून मागे लागली. मला वाटलं, पोर घाबरलीय. घाबरली होतीच, पण कशाला, ते मी विचारलं नाही.

फोटो आला तो एका दुपारी, मी घरूनच मीटिंगमध्ये असताना. जवळच्या टूनगॅबीला राहणारी माझी एक मैत्रीण, तिचा मुलगा याच शाळेत. तिनं आमच्या भागाच्या कुठल्यातरी ऑनलाइन ग्रुपवरून तो पुढे पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘‘हाच तो बहुतेक. मुलीला दाखवून ठेव गं.’’ पाठमोरा फोटो. पांढरा हाफ शर्ट, तपकिरी पँट, काळी छत्री. पुढे थोड्या अंतरावर पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी.

शर्ट मी इस्त्री केलेला होता.

फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. कागदात गुंडाळून देतो त्यात गुंगीचं काहीतरी असणार. आपण शाळेत कामाला असल्याचं सांगतो. एकानं लिहिलं होतं की पोलिसांच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही, तो स्वतः रोज दुपारी तिथेच असतो आणि असल्या माणसाचं काय करायचं ते त्याला ठाऊक आहे. त्याला भराभर अंगठे मिळाले होते. मी खिडकीतून खाली बघितलं. दारात बाबांचे बूट नव्हते, आणि शाळा सुटायची वेळ झाली होती.

मीटिंग तशीच चालू ठेवून मी घरातल्या चपलांवर गाडी काढली. रस्ता पाच मिनिटांचा, पण शाळा सुटताना तिथे गाड्यांची मुंगीच्या पावलानं सरकणारी रांग असते. त्या रांगेत बसून मी मोठ्यानं काहीबाही बोलत होते, बहुधा देवाशी.

पांढरी यूट अर्धी फुटपाथवर चढवलेली होती. माणूस खाली उतरून बाबांच्या इतका जवळ उभा होता की छत्रीचा काठ त्याच्या छातीला लागत होता. धिप्पाड, पायांत कामाचे बूट, एका हातात फोन धरलेला आणि रेकॉर्डिंग चालू. बाबा जिच्या मागोमाग निघाले असतील ती मुलगी कधीच निघून गेली होती. बाबा ताठ उभे होते, जसे प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर उभे राहायचे.

‘‘आय अ‍ॅम ऑन ड्युटी, सर,’’ ते सांगत होते.

‘‘हूज ड्युटी, मेट?’’

मेट हा शब्द इथे मित्राला वापरतात तितकाच हात उगारण्याआधीही वापरतात, हे बाबांना माहीत नव्हतं. ते त्याच्याकडे बघून हसले. मी धावत मधे शिरले. हे माझे वडील आहेत, माझी मुलगी याच शाळेत आहे, हे सगळं मी इंग्रजीत एका दमात ओरडले. मग त्यानं सांगितलं की त्याची मुलगीही इयर सेव्हनला, म्हणजे माझ्या मुलीसारखीच सातवीत आहे, आणि ती रडत घरी आली होती. त्याच्या जागी मीही असंच केलं असतं. त्यानं फोन खाली केला, पण बंद केला नाही.

‘‘कीप हिम होम,’’ तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर बाबांना धाप लागली होती. पण डोळ्यांत चमक होती. ‘‘हाच तो यूटवाला. मी म्हटलं नव्हतं तुला? याचा नंबर पोलिसांना कळव.’’

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘ते तुम्हाला शोधतायत.’’

त्यांना आधी ते नीट कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, मेसेजमधलं एकेक वाक्य, तेच जे मी रेकॉर्ड केलं होतं. रिझर्व्ह, ओळख काढणं, खायला देणं. बाबांनी हळूच खिशात हात घातला आणि बटर पेपरची एक पुडी काढून तळहातावर ठेवली.

‘‘हे?’’

मी होकारार्थी मान हलवली. घर येईपर्यंत ती पुडी त्यांच्या तळहातावरच होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सगळं सांगितलं. डेप्युटी प्रिन्सिपल भल्या होत्या. पोलिसांचा फोन आला, त्यांनी बाबांचं नाव, जन्मतारीख आणि व्हिसा कधीपर्यंत आहे ते विचारलं. नो वरीज, म्हणाले, पण लिहून घेतलं. शाळेनं पालकांना कळवलं की संबंधित व्यक्तीची ओळख पटली आहे आणि धोका नाही. तो फोटो मात्र लोकांच्या फोनांत तसाच राहिला. त्यानंतर दोन-तीनदा एक पांढरी यूट आमच्या गल्लीतून फार सावकाश गेली. पांढऱ्या यूट इथे घरोघरी असतात, असं मी स्वतःला सांगते. अजूनही सांगते.

मुलीला मी समजावून सांगायला गेले, तर तिनं मला अर्ध्यावर थांबवलं.

‘‘मॉम, आय न्यू. एव्हरीवन न्यू द अम्ब्रेला गाय.’’

बाबांनी रिझर्व्हपाशी पहिल्यांदा मुलांपुढे वडी धरली तेव्हा ती त्या मुलांच्या घोळक्यातच होती. नवी शाळा, नव्या मैत्रिणी, आणि समोरून आजोबा छत्री घेऊन हसत येत होते, हात पुढे करून. यूटवाल्याच्या मुलीनं तिला विचारलं, तू ओळखतेस का याला? ‘‘आय सेड नो,’’ ती म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मला तिचा संताप आला आणि तिची कीवही आली, आणि दोन्ही एकदम कसं दाखवायचं ते मला जमलं नाही. बाबांना विचारलं, त्या दिवशी ती तिथे होती का? ‘‘होती,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं, घाईत असेल.’’

शनिवारी सकाळी मी ग्रुपवर शेवटचा मेसेज रेकॉर्ड केला. तो माणूस सापडला, काळजीचं कारण नाही. आणि एक विनंती, अनोळखी मुलांना आपण खाऊ देऊ नये, इथे तसा रिवाज नाही. माझा आवाज स्वयंपाकघरातून ऐकू आला. या वेळी ‘समजले’ आलं नाही. थोड्या वेळानं बाबांचा फोन वाजला. ग्रुपवरच्या, पेंडल हिलला राहणाऱ्या एक आजी होत्या, त्यांना चौकशा फार. बाबांनी सवयीनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

‘‘सापडला म्हणे तो,’’ आजी म्हणाल्या. ‘‘कोण होता हो?’’

बाबांनी चहा गाळायचा थांबवला.

‘‘होता कोणीतरी म्हातारा,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला ओळखणारं कोणी नव्हतं तिथं.’’

आजी अरेरे म्हणाल्या. मुलगी टेबलापाशी टोस्टला लोणी लावत होती. ती उत्तरं इंग्रजीत देते, पण मराठी तिला सगळं कळतं.