व्हल्याची राखण

डॉक्टर म्हणाले, "निवृत्त झालाय, आता जरा गॅलरीत निवांत बसा, पक्षी बघा. रक्तदाब आपोआप उतरेल." त्यांनी स्वतः कधी पक्षी बघितले नसावेत.

मंगळवार पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसतात ते पक्षी सगळ्यांचेच. समोरच्या पाण्याच्या टाकीवर कावळे, केबलच्या वायरीवर साळुंक्या, वर एखादी घार. दोन दिवसांत लक्षात आलं, यातलं कुणीच निवांत नाही. साळुंक्यांची भांडणं सकाळी सुरू होतात ती दिवेलागणीपर्यंत मिटत नाहीत. त्यांच्याकडे बघून मी शांत काय होणार? त्यात उन्हाळ्यात मुलगी नोकरीसाठी आमचं गाव सोडून पुण्याला गेलेली. दिवसातून चार फोन करायचो. पोचलीस का, जेवलीस का, पाऊस आहे का. हल्ली ती पहिले दोन उचलायचीच नाही.

गौरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी गॅलरीतल्या बंद कूलरवर, घडी घालून ठेवलेल्या वाकळेवर, व्हल्याच्या, म्हणजे कबुतराच्या जातीतल्या होल्याच्या, मादीनं अंडी घातली. एक त्या दिवशी, दुसरं एक दिवस सोडून. घरटं म्हणायला दहा-बारा काड्या, त्याही कशाबशा टाकलेल्या. इतका निष्काळजी संसार मी पाहिला नव्हता. मला त्या पाखरांचा रागच आला. जोडी आळीपाळीनं बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची, जसं काही घडणारच नाही.

बायकोनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "घट बसायच्या आधी ही वाकळ धुवाय लागती. त्याआधी हे उडतंय का बघा."

आमच्याकडे नवरात्राचे घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण एकूणएक धुऊन निघतं. एक वाकळ जरी राहिली तरी बायकोच्या लेखी सगळं घर पारोसं. मी कॅलेंडरवर बोटं मोजली. पिल्लं घटांनंतरच उडणार होती. पण तोवर वाचली पाहिजेत ना! मी जुनी काठी शोधली आणि राखणीला बसलो.

बसलो म्हणजे काय, दर दहा मिनिटांनी उठत होतो. टाकीवर कावळा हलला की मी दार उघडून धावायचो. व्हला दचकून उडायचा, कावळा मागे सरायचा, मी विजयी मुद्रेनं आत यायचो.

"अहो," बायको म्हणाली, "तो कावळा व्हल्याकडं बघत न्हाय, तुमच्याकडं बघतोय. तुम्ही उठला की व्हला उडतोय, हे त्याला कळलंय. तुम्हालाच कळंना झालंय."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

पितृपंधरवडा लागला. पेठेतल्या गच्च्यांवर पानं वाढून लोक कावळ्यांना हाका मारू लागले. अख्खी पेठ बोलवत होती, मी एकटा हाकलत होतो. अंडी फुटून दोन ओली, डोळे मिटलेली पिल्लं बाहेर आली आणि दोन दिवसांनी माझ्या वडिलांची तिथी आली.

खीर, वडे, भाजी, सगळं पानावर घेऊन मी गच्चीवर गेलो. "काव, काव" करून घसा बसला. समोरच्या टाकीवर पाच-सहा कावळे बसून माझ्याकडे बघत होते, एकही हलेना. ज्यांना इतके दिवस काठी दाखवली, त्यांच्यापुढे मी हात जोडून उभा होतो. अर्धा तास झाला. मग मनात आलं, इथे येत नाहीत म्हणजे यांचं लक्ष खाली असणार. मी पान तसंच टाकून जिन्यावरून धावत खाली आलो आणि गॅलरीचं दार धाडकन उघडलं.

व्हला उडाला. काठी हातात घेईपर्यंत टाकीवरचा कावळा आला आणि एक पिल्लू चोचीत धरून गेलासुद्धा.

पाठीमागून बायको आली. तिला फक्त जाणारा कावळा दिसला. "घेतला की घास!" ती म्हणाली. "चला, पानं वाढते." मग तिनं माझं तोंड बघितलं.

साठी उलटलेला माणूस, पण मला रडू आलं. दार मी उघडलं होतं.

तिनं माझ्या हातातली काठी घेतली, दार ओढून कडी घातली. "आता ते एक उडंपतोर हे दार उघडायचं न्हाय."

"आणि वाकळ?"

"वाकळंचं मी बघते."

पुढच्या तीन-चार दिवसांत घरातलं सगळं धुऊन झालं, ती सोडून. शेजारणीनं विचारलं तेव्हा बायको "झाली की सगळी धुणी" म्हणाली. घटस्थापनेच्या सकाळी दिवा लावताना तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं. "आई, एक वाकळ राहिलीया. तिच्यावर लेकरू हाय. सांभाळून घे."

आणि मी बंद दाराच्या आत. बाहेर पंख फडफडले की वाटायचं, गेलं. गप्प झालं की वाटायचं, नक्कीच गेलं. कडीपर्यंत हात जायचा, मी तो खिशात घालायचो. त्या दिवसांत रक्तदाब किती होता ते मी मोजलंच नाही.

आठव्या माळेला बायकोनं हळूच दार उघडलं. काड्या रिकाम्या होत्या. समोरच्या कठड्यावर आखूड शेपटीचं पिल्लू आईला चिकटून बसलं होतं. ते कधी उडालं, कसं उडालं, मी बघितलं नाही. मी बघत नव्हतो म्हणून ते जगलं, हे मला अजून गिळवत नाही.

बायकोनं वाकळ टबात भिजत घातली. मी मुलीला सांगायला फोन काढला.

"तिचा येऊ दे की," ती मान वर न करता म्हणाली.

मी फोन कूलरवर, वाकळेच्या जागी ठेवला आणि आत येऊन दार लावलं. संध्याकाळपर्यंत तो वाजला नाही. माझा हात तीनदा कडीपर्यंत गेला.