बाटली गाडीत ठेव

मी मिरज सोडली त्या दिवशी आईनं माझ्या हातावर दही घातलं आणि रडायचं सोडून मलाच शिकवत बसली. "नव्या गावात कुणाच्या दारात गेलीस तर आधी पाणी माग. मागणाऱ्याला आत घेतात, शिकवणाऱ्याला दारातनंच धाडतात."

आई नगरपालिकेची नर्स. बाळंतिणींच्या घरोघरी फिरायची, मी तिची पिशवी धरून मागं मागं. एखादी सासू दार अडवायची, "आमची पोरं काय नर्सबाईनं वाढवली?" आई पायरीवर टेकायची, पदरानं वारा घ्यायची. "वाढवलीत की तुम्हीच. घोटभर पाणी तरी द्याल?" पाणी यायचं, मागनं चहा, मग बाळ आपणहून आईच्या मांडीवर.

आणि इथं टेक्सासात, शुगर लँडमध्ये बघा, जो तो आपली पाण्याची बाटली घेऊन येतो! माझ्या दारात कुणी पाणीच मागेना, तेव्हा माझंच घर मला कितीतरी दिवस परकं वाटायचं. तुमच्यापैकी जे इकडं आलेत त्यांना कळेल.

आता माझी नात रेवा इथली पब्लिक हेल्थ नर्स आहे. हो, पणजीचंच काम! गेल्या उन्हाळ्यात एकदा हिरमुसून आली. एका तान्ह्या बाळाचं वजन वाढेना, आणि त्याची स्पॅनिश बोलणारी आजी दोनदा "नो, थँक यू" म्हणून दार लावून मोकळी.

"पाणी मागितलंस?"

"आजी, आय हॅव माय ओन बॉटल!"

"तीच गाडीत ठेव, बाई."

"सो वीअर्ड," म्हणाली. पण ठेवली.

टेक्सासचं ऊन ते. तिसऱ्यांदा दार उघडलं, तर हिनं आधी पाणी मागितलं. कुठली आजी नाही म्हणेल? बर्फ घालून ग्लास आला, खुर्ची आली, ग्लास संपेस्तोवर बाळही आलं. दूध पिताना दमत होतं बिचारं. रेवानं त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडं पोचवलं. औषधं लागू पडली, बाळ अंग धरू लागलं. पुढच्या खेपेला त्या आजीनं डबा भरून जेवण पुढं केलं. नोकरीच्या नियमात बसत नाही, म्हणून रेवानं हात जोडले आणि हसून पाणीच मागितलं.

मिरजेतल्या माणसांनो, तिथलं आमचं दार आता दुसऱ्याचं झालंय, ठाऊक आहे मला. पण जिथं तहान लागली असं बिनदिक्कत सांगता येतं, ते घर. तसं धरलं तर आईच्या पणतीची इथं गावभर घरं झालीत.